सीडीएलच्या पुस्तिकेतला घाट



गेल्या महिन्यात आपल्या कार्यक्रमाच्या फोनवर एका श्रोत्यांनी निरोप ठेवला होता. वय पन्नाशीच्या आसपास, अमेरिकेत येऊन वीस-बावीस वर्षं झालेली, नागरिकत्व घेतलेलं. सॉफ्टवेअरमधली नोकरी गेली, वर्षभर दुसरी मिळाली नाही, म्हणून त्यांनी मोठा ट्रक चालवण्याच्या परवान्याची तयारी सुरू केली. सीडीएल, म्हणजे कमर्शियल ड्रायव्हर्स लायसन्स. निरोपाच्या शेवटी ते म्हणाले, "इथं बायकोला, मुलांना माहीत आहे. कोथरूडला बाबांना अजून सांगितलेलं नाही. बाबा आयुष्यभर किर्लोस्कर कमिन्समध्ये होते. इंजिनिअर केलेला मुलगा अमेरिकेत जाऊन ड्रायव्हर झाला, हे त्यांना कसं सांगू? आणि जमलं तर त्या परीक्षेच्या पुस्तिकेबद्दल बोला. पाठच होत नाही हो."

मी त्यांना उलट फोन केला. नाव-गाव सांगायचं नाही या अटीवर त्यांनी हे सगळं तुमच्यापुढं मांडायची परवानगी दिली. बाबांना काय सांगायचं यावर माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं. पुस्तिकेचं मात्र बघू म्हटलं, आणि त्यांच्या राज्याची पुस्तिका उतरवून घेऊन वाचायला बसलो.

प्रत्येक राज्याचं मोटार वाहन खातं ही पुस्तिका फुकट देतं. दिसायला अगदी रुक्ष. पण डोंगरातून गाडी चालवण्याच्या भागावर आलो आणि थबकलो. तिथं लिहिलं आहे की जुन्या ट्रकसाठी एक नियम असे: ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतार उतरा. मंडळी, हे वाक्य आपण ऐकलेलं आहे! खंडाळ्याच्या घाटात, लाल एसटीच्या पुढच्या बाकावर बसून, ड्रायव्हरकाकांच्या तोंडून. शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकायचं, हात जोडायचे आणि गिअर पाडायचा. पुस्तिका पुढं सावध करते की नव्या ट्रकची इंजिनं जास्त ताकदीची असतात, ती वरच्या गिअरमध्येही चढ चढून जातात, म्हणून उतरताना त्याहून खालचा गिअर धरा; आणि तो उतार सुरू होण्याआधीच टाका, मध्यावर जाऊन नाही.

हा नियम इतक्या ठळकपणे का आला, यासाठी १९३१ सालात जावं लागतं. डिझेल इंजिनावर ट्रक लांबचा पल्ला मारू शकतो हे त्या काळी कुणाला पटत नव्हतं. ते पटवण्यासाठी क्लेसी कमिन्स नावाचा माणूस स्वतःचं इंजिन बसवलेला ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाला. सगळा देश पार झाला आणि शेवटी कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोच्या वरचा काहोन पास लागला. तिथल्या लांबलचक उतारावर ब्रेक तापले आणि लागेनासे झाले. ट्रक सुसाट सुटला. खाली रेल्वेचं फाटक, आणि रुळांवरून मालगाडी चाललेली. मालगाडीचा शेवटचा डबा पुढं सरकला आणि ट्रक त्याच्या मागून जेमतेम निसटला.

त्या उतारावरची भीती कमिन्सच्या डोक्यातून गेली नाही. गाडी ओढण्याची एवढी ताकद इंजिनात असते, तर तीच ताकद गाडी अडवायला का वापरू नये? निवृत्तीच्या वयात त्यानं ते कोडं सोडवलं. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन हवा दाबत वर जातो. ती पूर्ण दाबली गेली की नेमक्या क्षणी एक्झॉस्टची झडप उघडायची आणि दाब बाहेर सोडून द्यायचा. मग ती हवा पिस्टनला परत ढकलत नाही, दाबायला लागलेली सगळी शक्ती वाया जाते, आणि तेवढी गाडी रोखली जाते. जेकब्स नावाच्या कंपनीनं १९६१ मध्ये हा ब्रेक बाजारात आणला. त्यावरून त्याचं नाव पडलं जेक ब्रेक. लहान गावांच्या वेशीवर इंजिन ब्रेक लावू नका अशी पाटी तुम्ही पाहिली असेल. ती त्याच्या फडफडाटामुळं. पुस्तिकेत त्याच्याबद्दल दोन-तीन परिच्छेद आहेत, आणि एक इशारा: रस्ता ओला किंवा बर्फाळ असेल तेव्हा तो बंद ठेवा, चाकं घसरतील. यावर हमखास प्रश्न येतो.

आता हा क्लेसी कमिन्स कोण? शाळा आठवीपर्यंत. इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावात अर्विन नावाच्या बँकरच्या घरी तो ड्रायव्हर होता. मोटार चालवायची आणि दुरुस्तही करायची. त्याच बँकरच्या पैशावर १९१९ मध्ये त्यानं इंजिनाची कंपनी काढली. १९६२ मध्ये तीच कंपनी किर्लोस्करांच्या जोडीनं पुण्यात आली आणि कोथरूडला कारखाना उभा राहिला. तिथं चिकटलेला मुलगा म्हणजे लग्नाच्या बाजारात सोनं, असे दिवस होते. आज कोलंबसमध्ये पुण्याहून गेलेली मराठी घरं आहेत, गणपती बसतो. आणि या सगळ्याच्या मुळाशी आहे एक ड्रायव्हर. आमच्या श्रोत्यांना मी हे सांगितलं तेव्हा फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही. वडिलांनी हे नाव रोज कारखान्याच्या फाटकावर वाचलं असेल, पण तो माणूस आधी कोण होता हे बापलेकांत कधी निघालं नव्हतं.

असो. परीक्षेकडं येऊ.

आपल्याला वाटतं, अमेरिकेत पहिल्यापासून सगळं शिस्तीत असणार. तसं काही नव्हतं. वाहन चालवायला परवाना हवा असं मॅसॅच्युसेट्स आणि मिसुरीनं १९०३ मध्ये ठरवलं, पण परीक्षा नव्हती. परीक्षा पहिल्यांदा ऱ्होड आयलंडनं १९०८ मध्ये घेतली. साउथ डकोटामध्ये तर परवानाच १९५४ मध्ये आला आणि परीक्षा १९५९ मध्ये. तोवर किल्ली हातात आली की माणूस ड्रायव्हर.

टेक्सासमधली लिली ड्रेनन ही बाई या इतिहासात मला फार आवडते. लहानपणीच्या आजारानं तिला नीट ऐकू येत नसे. हेम्पस्टेड गावात नवऱ्याबरोबर तिनं ट्रकचा धंदा सुरू केला आणि १९२९ मध्ये व्यावसायिक परवाना मागायला गेली. अधिकारी कानाचं कारण पुढं करून टाळाटाळ करू लागले. तिनं त्यांना सांगितलं की माझ्यापेक्षा चांगली नोंद असलेला पुरुष दाखवा, मग बोलू. परवाना मिळाला, आणि ती कानाला यंत्र लावून पुढची कित्येक वर्षं टेक्सासभर ट्रक चालवत राहिली. गंमत पाहा, ज्यांना ऐकूच येत नाही अशा चालकांना राज्याबाहेर ट्रक नेण्याची सूट केंद्र सरकारनं पहिल्यांदा दिली ती २०१३ मध्ये.

१९३५ च्या कायद्यानं ट्रकचा धंदा केंद्राच्या देखरेखीखाली आला. १९३७ पासूनच्या नियमांत चालकाला पुरेसं इंग्रजी यावं ही अटही आहे. पण परवाना कसा द्यायचा हे राज्यांच्याच हातात राहिलं, आणि तिथं सगळा गोंधळ झाला. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत १८ राज्यांत साधा मोटारीचा परवाना असलेला कुणीही कायदेशीरपणे ट्रॅक्टर-ट्रेलर चालवू शकत होता. तुमच्या-माझ्याकडं असतो तोच परवाना! ८०,००० पौंडांचा, म्हणजे ३६ टनांचा ट्रक. जिथं वेगळा वर्ग होता तिथंही परीक्षा पुष्कळदा खऱ्या ट्रकवर होत नसे. आणि ड्रायव्हर लोक दोन-तीन राज्यांचे परवाने खिशात ठेवत. एका राज्यात वेगाचा गुन्हा नोंदला गेला की पुढच्या वेळी दुसऱ्या राज्याचा परवाना पुढं करायचा. एकाही परवान्यावर गुन्ह्यांची संख्या भरत नसे. त्यात १९८० मध्ये कार्टर यांनी ट्रकच्या धंद्यावरची जुनी बंधनं सैल केली होती, नव्या कंपन्या भराभर निघत होत्या.

ऑक्टोबर १९८६ मध्ये रेगन यांनी सही केलेल्या अमली पदार्थविरोधी मोठ्या कायद्याच्या पोटात एक प्रकरण होतं: व्यावसायिक वाहनांच्या सुरक्षेचं. त्यानं ठरवलं की एका चालकाकडं एकच परवाना असेल, सगळ्या राज्यांच्या नोंदी एकमेकांना जोडल्या जातील, आणि परीक्षा ज्या वर्गाचं वाहन चालवायचं त्याच वर्गाच्या वाहनावर होईल. अंमलबजावणीची शेवटची तारीख होती १ एप्रिल १९९२. म्हणजे आज आपण ज्याला सीडीएल म्हणतो तो आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या कॉलेजच्या वर्षांत जन्माला आला. तोवर वीस-वीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसांनाही तेव्हा पुस्तक उघडून लेखी परीक्षेला बसावं लागलं. पाठ होत नाही म्हणणारे आमचे श्रोते या रांगेत एकटे नाहीत.

परीक्षा आली, पण शिक्षण सक्तीचं व्हायला आणखी तीस वर्षं लागली. काँग्रेसनं १९९१ मध्ये विषय काढला. २००४ मध्ये आलेला नियम इतका फुसका होता की न्यायालयानं तो परत पाठवला. २०१२ मध्ये पुन्हा कायदा, २०१६ मध्ये पुन्हा नियम, मग मुदतवाढ. शेवटी ७ फेब्रुवारी २०२२ पासून, नोंदणी झालेल्या शाळेतून शिकल्याशिवाय नव्या उमेदवाराला गाडीची परीक्षा देता येत नाही. तेही किती तास चालवायचं याचा आकडा नियमात नाही. शिकवणाऱ्याला वाटलं की जमतं, तर जमतं. माझ्या मते ही या नियमातली मोठी भोकं पडलेली जागा आहे, आणि फी घेऊन दोन आठवड्यांत मोकळं करणाऱ्या शाळा त्यातूनच निघतात. म्हणून पैसे भरण्याआधी शाळेचं नाव केंद्र सरकारच्या ट्रेनिंग प्रोव्हायडर रजिस्ट्रीत आहे का ते पाहा, आणि प्रत्यक्ष चाकामागं किती तास देणार हे लिहून घ्या.

आता गाडीची परीक्षा. लेखी पेपरात ८० टक्के मिळाले की शिकाऊ परवाना मिळतो, आणि तो किमान १४ दिवस हातात असल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पुढची परीक्षा तीन टप्प्यांची: गाडीची तपासणी, मैदानात गाडी मागं-पुढं घेणं, आणि रस्ता. क्रम हाच. पहिल्यात नापास, तर त्या दिवशी पुढचं काही नाही. भारतातला अवजड वाहनाचा परवाना असला तरी तो इथं चालत नाही; कॅनडा आणि मेक्सिकोचे तेवढे मानले जातात.

बहुतेकांची भीती असते ट्रेलर मागं घेण्याची. आमच्या श्रोत्यांचीही होती. ट्रेलर डावीकडं न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडं फिरवायचं, हे डोक्याला कळलं तरी हाताला कळायला दिवस लागतात. ते म्हणाले, "आरटीओत स्कूटरवर आठ काढताना पाय टेकला होता, त्याची आठवण झाली." पण हे सरावानं येतं. परीक्षेत ठरावीक वेळा गाडी थांबवून, उतरून, मागं बघून यायची मुभा असते, तिचा उपयोग करायला लाजू नका.

माणसं अडतात ती तपासणीत. गाडीभोवती फिरत, एकेका भागाला हात लावून, तो काय आहे आणि तो ठीक आहे हे कसं कळलं, हे मोठ्यानं सांगायचं असतं. पुढच्या टायरची नक्षी किमान ४/३२ इंच, बाकीच्यांची २/३२. ट्रेलरच्या डाव्या बाजूला मागं पिवळा दिवा असतो, तो एबीएसचा. मार्च १९९८ नंतर बनलेल्या एअर ब्रेकच्या ट्रेलरला तो लागतोच. खरं तर सरकारनं हे तंत्र १९७५ मध्येच सक्तीचं केलं होतं, पण ते तेव्हा भरवशाचं नाही म्हणून १९७८ मध्ये न्यायालयानं तो भाग उडवला, आणि परत यायला वीस वर्षं गेली. तो चिमुकला दिवा दाखवताना एवढं आठवलं तरी विसरणार नाही.

आणि एअर ब्रेक. इथं चूक झाली की परीक्षा तिथंच संपते, म्हणून जरा सावकाश सांगतो. मोटारीत ब्रेकचं तेल असतं, ट्रकमध्ये दाबलेली हवा. हवा गेली तर काय, हा प्रश्न रेल्वेला आधी पडला. जॉर्ज वेस्टिंगहाउसनं १८६९ मध्ये हवेचा ब्रेक काढला. त्यात नळीत हवा भरली की ब्रेक लागत, त्यामुळं नळी फुटली तर गाडीला ब्रेकच उरत नसे. १८७२ च्या सुमाराला त्यानं ते उलटं केलं. हवेचा दाब असेपर्यंत ब्रेक मोकळे, दाब गेला की ब्रेक आपोआप लागतात. बोर घाटात उतरणाऱ्या आगगाड्यांचा जीव याच कल्पनेवर असतो. ट्रकच्या पार्किंग ब्रेकमध्ये हेच काम एक जाडजूड स्प्रिंग करते: हवा तिला दाबून धरते, हवा गेली की ती सुटते आणि चाकं आवळते.

परीक्षेत तुम्ही हेच तीन पायऱ्यांत सिद्ध करता. आधी, इंजिन बंद, किल्ली चालू, ब्रेक मोकळे. पेडल मिनिटभर दाबून धरायचं. ट्रॅक्टर-ट्रेलरचा दाब मिनिटाला ४ पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये, नुसत्या ट्रकचा ३ पेक्षा. मग पेडल पुन्हा पुन्हा दाबून हवा कमी करत जायचं. दाब ६० च्या खाली जाण्याआधी दिवा किंवा भोंगा सुरू झाला पाहिजे. काही नव्या पुस्तिकांत हा आकडा ५५ आहे, म्हणून आपल्याच राज्याची प्रत वाचा. आणखी दाबत गेलं की साधारण ४५ ते २० च्या दरम्यान डॅशबोर्डवरची बटणं टक्‌कन बाहेर येतात. स्प्रिंगनं ताबा घेतला. आमच्या श्रोत्यांचे हे आकडे सारखे अदलाबदल होत. मी त्यांना म्हटलं, आकडे सोडा, घाटातून खाली निघालेली गाडी डोळ्यांसमोर आणा. हवा गळते आहे का, गळली तर मला कुणी सांगेल का, आणि मी काहीच केलं नाही तर गाडी आपणहून थांबेल का? या क्रमानं ते सांगू लागले आणि अडखळणं थांबलं.

हवेला चाकापर्यंत पोहोचायला अर्धा सेकंद लागतो, हेही विसरू नका. ताशी ५५ मैल वेगात धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत ४१९ फूट, आणि त्या अर्ध्या सेकंदाचे आणखी ३२. साडेचारशे फूट. पुढं तुम्ही कधी हायवेवर ट्रकच्या नाकासमोर मोटार घुसवाल तेव्हा हा आकडा आठवा. हे मी परीक्षा देणाऱ्यांना नाही, बाकी सगळ्यांना सांगतोय.

इंग्रजीचं काय, असं दोघा-तिघांनी विचारलं आहे. गाडीच्या परीक्षेत दुभाषा चालत नाही, परीक्षक आणि उमेदवार दोघांनी इंग्रजीतच बोलायचं. १९३७ ची ती जुनी अट २०१६ नंतर रस्त्यावर सैल झाली होती. जून २०२५ पासून इंग्रजी येत नसलेल्या चालकाला तपासणीत जागीच थांबवलं जातं. आपल्या उच्चारांची काळजी करू नका, पण तपासणीचे शब्द घरी मोठ्यानं म्हणून बघा. आमच्या श्रोत्यांची मुलगी रोज संध्याकाळी परीक्षक बनून हातात पुस्तिका घेऊन त्यांच्यामागं ड्राइव्हवेत फिरते. कामाच्या व्हिसावर असलेल्यांनी मात्र आधी वकिलाला विचारावं. त्यांच्यासाठी २०२५ पासून नियम आवळत चालले आहेत.

वैद्यकीय तपासणीचा एक मुद्दा आपल्या लोकांसाठी महत्त्वाचा. इन्सुलिन घेणाऱ्याला राज्याबाहेर ट्रक नेता येत नाही असा समज अजून आहे. पूर्वी खास सूट घ्यावी लागे. नोव्हेंबर २०१८ पासून नियम बदलला: साखर आटोक्यात असल्याचा फॉर्म तुमच्या डॉक्टरांनी भरून दिला आणि तपासणाऱ्याला पटलं, तर प्रमाणपत्र मिळतं. रक्तदाब १४० वर ९० च्या खाली ठेवा, नाहीतर दोन वर्षांऐवजी कमी मुदतीचं मिळेल. तपासणीच्या सकाळी चहा जरा कमी प्या.

परवाच्या रविवारी आमच्या श्रोत्यांनी कोथरूडला फोन लावला. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. आधी क्लेसी कमिन्सची गोष्ट सांगितली, मग स्वतःची. बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "शाळेच्या ट्रकला इंजिन कुणाचं आहे रे?"

यांनी बघितलंच नव्हतं. सोमवारी बॉनेट उघडून पाहिलं तर दुसऱ्याच कंपनीचं निघालं. बाबा थोडे खट्टू झाले म्हणे. पण तेव्हापासून रोज रात्री फोन येतो, आणि आज मागं घेताना किती वेळा पुढं यावं लागलं, ते विचारतात.